येशू हरवला आणि पप्पा झोपले

कौटुंबिक मनन
वाचनासाठी: लूक २:४१-५२, उत्पत्ती २१:१-९, इफिसकरांस ६:४



मार्च महिना आपण संत योसेफाच्या भक्तीसाठी राखून ठेवतो आणि १९ मार्चला त्याचा सण साजरा करतो. त्या निमित्ताने 'बापाची श्रद्धा' या विषयावर एक पाठ लिहावा असे मला सुचवण्यात आले. मला आनंद झाला. ईशज्ञानाची पदविका घेतलेली आहे, पाड्यांवर पालक मेळावे घेण्यात वीस वर्षे गेली आहेत, तेव्हा बापांना चार गोष्टी सांगणे आपल्याला जड नाही असे वाटले. घरी ही बातमी सांगितली. पत्नी भांडी आवरता आवरता म्हणाली, "अहो, लिहा ना. पण आधी मुलांना विचारून घ्या, तुम्हाला त्यातलं किती येतं ते."

मी विचारले. त्यातून हा पाठ तयार झाला. त्यात माझी फजिती आहे आणि एक कबुलीही आहे. दोन्ही वाचून झाल्यावर आपण आपल्या घराकडे पाहावे, एवढीच विनंती.

१. पाचवे रहस्य

आम्हाला तीन मुले. मोठा मुलगा नववीत, मधली मुलगी सहावीत आणि धाकटी पहिलीत. आठवड्याचे पाच-सहा दिवस मी जव्हार तालुक्यातील पाड्यांवर असतो. शनिवारी संध्याकाळी वसईला घरी पोचतो. जेवणाआधी सगळे मिळून रोझरी म्हणतात. शनिवार असल्यामुळे आनंदाची रहस्ये असतात आणि बाप घरी असल्यामुळे ती मीच सांगतो.

गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी घाटात एसटी बंद पडली होती. दोन तास भिजून मी घरी आलो. गुडघे टेकले. पहिली तीन रहस्ये नीट झाली. चौथ्याला माझा आवाज लांबू लागला. त्यानंतरचे मला आठवत नाही. पत्नीचे म्हणणे असे की, मी भिंतीला टेकून स्पष्ट आवाजात जाहीर केले, "पाचवे रहस्य. मागील हप्ता न भरलेल्या सदस्यांची नावे." दिवसभर बचत गटाची बैठक घेतली होती, तिचा हा प्रसाद.

घरात हशा पिकला. मी दचकून जागा झालो तेव्हा धाकटी कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. म्हणाली, "पाचव्यात येशू हरवतो, आणि पप्पा झोपले!"

बाप म्हणून काहीतरी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "अगं, संत योसेफसुद्धा झोपायचा. आपल्या पोप फ्रान्सिस यांच्या टेबलावर झोपलेल्या संत योसेफाची मूर्ती असायची. काही अडचण आली की ते चिठ्ठी लिहून त्या मूर्तीखाली ठेवत." हे खरेच आहे. २०१५ च्या जानेवारीत मनिला येथे कुटुंबांशी बोलताना पोप महोदयांनी स्वतः ते सांगितले होते. त्यावर मधली म्हणाली, "पप्पा, त्यांना झोपेत देवदूत दिसायचा. तुम्ही नुसते घोरता."

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. फक्त मोठा हसला नाही. तो माळ खिशात घालून उठला आणि आत गेला. मला वाटले, वयच तसे आहे.

२. 'तो सोबतच असेल'

लूकने सांगितलेला प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. वल्हांडणाच्या सणासाठी मरिया आणि योसेफ बारा वर्षांच्या येशूला घेऊन यरुशलेमला जातात. सण आटोपतो, माणसांचा तांडा नाझरेथच्या वाटेला लागतो, येशू मात्र मागेच राहतो. इथे लूकने एक बारीक गोष्ट नोंदवली आहे, जी मी कित्येक वर्षे वाचूनही वाचली नव्हती. आईबापांच्या हे लगेच ध्यानात येत नाही. तो बरोबरच्या मंडळीत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून जातात (लूक २:४४). मग नातेवाइकांत शोधतात, परत फिरतात, आणि तो तीन दिवसांनी सापडतो.

येशू गर्दीत हात सुटून हरवला नाही. तो सोबत आहे असे गृहीत धरल्याने हरवला. जगातल्या सर्वांत पवित्र घरात हे घडू शकले, तर आपल्या घरात किती सहज घडत असेल! मूल त्याच छपराखाली असते, त्याच ताटात जेवते, रोझरीला शेजारी गुडघे टेकते, आणि आपण दिवसच्या दिवस पुढे चालत राहतो.

माझ्या बाबतीत ते पाच महिने चालले. कारण सांगतो.

आदल्या वर्षी आगमनकाळातील एका रविवारी मोठ्याला मिस्सेत दुसरे वाचन करायचे होते. वाचन होते संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातून. हा शब्द मोठमोठ्यांची जीभ पकडतो. त्याने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा 'थेस्सल' वर अडकला, आणि शेवटी घाम पुसून म्हणाला, "संत पौलाचे त्या लोकांना पत्र." पुढचे वाचन मात्र त्याने उत्तम केले. चर्चमध्ये कोणी हसले नाही. मिस्सेनंतर फादरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो स्वतःही घरी येऊन हसला. गोष्ट तिथे संपली होती.

ती मी पुन्हा उकरली. जूनमध्ये पाड्यावरच्या मुलांसाठी वह्या-दप्तरे गोळा करायला आमच्या धर्मग्रामात एक मेळावा होता. मी वक्ता. लोकांना जरा खुलवावे म्हणून मी माईकवरून 'त्या लोकांना पत्र' सांगितले. नक्कल करून सांगितले, घाम पुसण्यासकट. सभागृह हसून लोळले. वह्या भरपूर मिळाल्या. मुलगा शेवटच्या रांगेत मित्रांबरोबर बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर त्याचे नाव 'त्या लोकांना' पडले. त्याने वाचकांच्या यादीतून नाव काढून घेतले. मला सांगितले, "अभ्यास आहे." मी म्हणालो, "शहाणा आहेस." रोझरीत त्याचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मी पुढची वाट चालत राहिलो.

३. हसण्याचे दोन प्रकार

आता पवित्र शास्त्रातल्या दुसऱ्या एका बापाकडे वळू. अब्राहामाचे वय शंभराच्या घरात आणि साराचे नव्वदच्या घरात असताना देव त्यांना सांगतो की, तुम्हाला मुलगा होईल. विश्वासाचा पिता म्हणून आपण ज्याचा गौरव करतो तो अब्राहाम यावर काय करतो? पालथा पडतो आणि हसतो (उत्पत्ती १७:१७). पुढच्या अध्यायात तंबूच्या दाराआड सारा हसते. देव विचारतो तेव्हा घाबरून 'मी हसले नाही' म्हणते. देव म्हणतो, हसलीस तर खरी (१८:१२-१५). देव रागावून वचन मागे घेत नाही. उलट मुलाचे नावच ठरवून देतो: इसहाक. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ 'तो हसतो'. अब्राहाम त्या मुलाला हाक मारायचा, तेव्हा प्रत्येक वेळी त्याला स्वतःचा अविश्वास आठवत असेल आणि देवाची कृपाही. आपल्या तारणाच्या इतिहासात पहिले वचनाचे मूल जन्मले ते हसण्याचे नाव घेऊन. ईश्वराला आपल्या घरातला हशा चालतो, याला याहून मोठा दाखला कशाला हवा?

पण तिथेच थांबून चालत नाही. त्याच २१ व्या अध्यायात, सारा आनंदाने म्हणते की देवाने मला हसवले आहे, आणि त्यानंतर दोन-तीन वचनांतच पुन्हा तोच शब्द येतो. हागारेचा मुलगा इश्माएल 'हसताना' सारेला दिसतो (२१:९). मूळ हिब्रूत धातू तोच आहे. काही भाषांतरे 'खेळताना' म्हणतात, काही 'थट्टा करताना'. अर्थ कोणताही घ्या, सारेला तो खुपला, आणि परिणाम असा झाला की एक आई आपल्या लेकराला घेऊन, खांद्यावर पाण्याची पखाल टाकून रानात भटकू लागली. एकाच घरात, एकाच शब्दाने, एकदा आनंद आला आणि एकदा घर फुटले.

तेव्हा हसणे पवित्र की अपवित्र, हा प्रश्नच नाही. कोण हसतो, कोणाला हसतो आणि त्यानंतर दुसऱ्याच्या वाट्याला काय येते, हे पाहायचे. संत थॉमस अक्विनास यांनी विनोदाला सद्गुणांत जागा दिली आहे. सतत ताणलेल्या मनाला खेळाची विश्रांती हवी, आणि जो स्वतःही हसत नाही व दुसऱ्यालाही हसू देत नाही त्याच्यातही दोष आहे, असे ते शिकवतात. मात्र त्या थट्टेने शेजाऱ्याला इजा होता कामा नये आणि ती वेळ, स्थळ व माणूस पाहून असावी, ही अटही ते घालतात. पदविकेच्या परीक्षेत मी यावर पाच गुणांचे उत्तर लिहिले होते. पाचही मिळाले होते. माईक हातात घेताना त्यातले काही आठवले नाही.

संत पौलही बापांना नेमके हेच बजावतो. इफिसकरांस पत्रात (६:४) तो म्हणतो की, मुलांना चिडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत व शिकवणीत वाढवा. आधीच्या वचनांत मुलांनी आज्ञा पाळावी असे आले आहे, आणि ते आपल्याला पाठ असते. हे चौथे वचन आपण मुलांसमोर फारसे वाचत नाही.

४. पाड्यावर झालेला धडा

नोव्हेंबरात भातकापणी, झोडणी संपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातील पुष्कळ वारली व कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला निघतात. खर्चासाठी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे राबावे लागते. मुले बरोबर गेली की शाळा सुटते. म्हणून त्या दिवसांत आमचे एकच काम असते. घरोघर जायचे आणि मुलांना मागे ठेवा, शाळेत ठेवा, वसतिगृहात ठेवा असे विनवायचे.

अशाच एका संध्याकाळी मी एका वारली घरी पोचलो. तिशीतला बाप, त्याची बायको, म्हातारी आई आणि दुसरीत शिकणारी मुलगी. मी अर्धा तास बोललो. शिक्षणाचा हक्क, भट्टीवरची धूळ, मुलीचे भवितव्य, सगळे सांगितले. बाप शांतपणे ऐकत राहिला. माझे संपल्यावर म्हातारी म्हणाली, "भाऊ, पोर माझ्यापाशीच राहणार. त्यानं आठ दिवसांपूर्वीच ठरवलं."

मी विचारले, "मग मघाशीच का नाही सांगितलं?"

बाप म्हणाला, "तुम्ही लांबून आलात. चांगलं बोलत होतात."

घरात सगळे हसले, आणि हसण्यासारखेच होते. मग मला तिथे आधी काय चालले होते ते कळले. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतीवर शाळेतून आणलेल्या खडूच्या तुकड्याने मुलगी बापाला त्याचे नाव लिहायला शिकवत होती. भट्टीवर हिशोबाच्या वहीत दर वर्षी त्याचा अंगठा घेतात. यंदा त्याला सही करायची होती, आणि मांडलेला आकडा आपल्याला वाचता यावा अशीही इच्छा होती. मी आल्यामुळे धडा अडला होता. तो पुन्हा सुरू झाला.

त्याने लिहिले. अक्षरांची अदलाबदल झाली, मात्रा भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसली. मुलगी खदखदा हसली. "बाबा, हे तुझं नाव नाही, हे कोणाचंच नाव नाही!" आजी हसली, बायको तोंडाला पदर लावून हसली. आणि सगळ्यांत जास्त तो हसला. तळहाताने पुसले आणि पुन्हा लिहायला घेतले.

मी सहज विचारले, "पोरगी एवढी हसते, राग नाही येत?"

त्याने आपल्या बोलीत जे सांगितले त्याचा अर्थ असा: पोरगी हसते म्हणून तर शिकतो. मास्तर हसला असता, तर उठून गेलो असतो.

मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला लागलो. तो आधीच लावलेला होता.

हा बाप आपल्या धर्माचा नाही. त्याने अक्विनास वाचलेला नाही आणि पौलाचे पत्रही वाचलेले नाही. पण जे मला पाच गुणांसाठी पाठ होते ते त्याला ठाऊक होते. लहान माणूस मोठ्याला हसते तेव्हा मोठा खाली बसतो आणि दोघे जवळ येतात. मोठा माणूस लहानाला हसतो तेव्हा लहान उठून जाते. माझा मुलगा पाच महिन्यांपूर्वी उठून गेला होता. मी त्याला बरोबरच्या मंडळीत मोजत होतो.

५. मोराच्या पिसाचा मार

घरी परतताना एसटीत मला संत थॉमस मोर आठवला. इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर, म्हणजे राजाच्या खालोखाल मोठ्या अधिकाऱ्यांपैकी एक. त्याला तीन मुली आणि एक मुलगा. मुलींना शिकवणे लोकांना नवल वाटायचे त्या काळात त्याने त्यांना मुलाच्या बरोबरीने लॅटिन आणि ग्रीक शिकवले. मुलांना लिहिलेल्या एका पद्यपत्रात तो आठवण करून देतो की, मारायची वेळ आली तर आपली छडी मोराच्या पिसांची असे. राजा आठव्या हेन्रीला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानायला नकार दिल्यामुळे ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मचाणाच्या डळमळत्या पायऱ्या चढताना त्याने अधिकाऱ्याकडे आधार मागितला आणि उतरतानाचे माझे मी पाहीन असे म्हटले, अशी नोंद त्याच्या जावयाने करून ठेवली आहे. मोरचा विनोद नीट पाहा. तो स्वतःच्या मरणाची थट्टा करतो, मुलांच्या अडखळण्याची नाही.

दुसरा बाप आपल्या अधिक ओळखीचा. लहान पुष्प संत तेरेजा हिला १९२७ साली मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित करण्यात आले. तिचे वडील लुई मार्टिन हे फ्रान्समधील घड्याळजी होते. नऊ अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली, पाच मुली जगल्या, त्या सर्व धर्मभगिनी झाल्या. लुई आणि त्यांची पत्नी झेली यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संतपद मिळाले. लुईंना मुलींना टोपणनावे ठेवायची हौस होती. थोरली मारी त्यांचा 'हिरा', पोलीन 'मोती' आणि धाकटी तेरेज 'छोटी राणी'. टोपणनाव तर मीही ठेवले होते. हे वाचायला मिळाले तेव्हा मला माझीच लाज वाटली.

६. "माईक नको"

त्या शनिवारी रोझरी झाल्यावर मी मोठ्याला अंगणात बोलावले. म्हणालो, "जूनमधल्या त्या भाषणात माझी चूक झाली. मला माफ कर."

तो बराच वेळ गप्प होता. मग जे बोलला ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण या अंकाच्या सर्व वाचकांनी ते ऐकावे असे मला वाटते. "पाड्यावरच्या मुलांचा फोटो छापायचा असेल तर तुम्ही त्यांच्या आईवडिलांना विचारता. गोष्ट लिहिली तर नाव बदलता. माझी गोष्ट सांगायच्या आधी मला विचारलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी घाईने म्हणालो, "पुढच्या मेळाव्यात मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."

तो घाबरून म्हणाला, "नको, नको! माईक नको."

मग तो आत गेला आणि बायबल घेऊन आला. दानिएलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडून माझ्यासमोर धरला. "वाचा. भरभर." त्या अध्यायात राजा नबुखद्नेस्सर आणि शद्रख, मेशख व अबेद्‌नगो हे तिघे पुन्हा पुन्हा येतात. पहिल्यांदा मी तग धरला. दुसऱ्या ओळीत नबुखद्नेस्सर माझ्या तोंडात अडकला, तिसऱ्यात अबेद्‌नगो कुठल्या कुठे गेला. शेवटी मी म्हणालो, "तो राजा आणि ती तीन मुलं."

माझा मुलगा हसला. पाच महिन्यांनी. आतून धाकटी धावत आली आणि काय झाले ते न कळताच तीही हसू लागली.

लगेच सगळे सुरळीत झाले असे नाही. वाचकांच्या यादीत त्याने अजून नाव दिलेले नाही, आणि मी विचारत नाही. पण मागच्या शनिवारी चौथे रहस्य संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पप्पा, पाचवं मी सांगतो. तुम्ही झोपाल."

मंदिरात येशू सापडला त्या प्रसंगात योसेफ एक शब्दही बोलत नाही. चारही शुभवर्तमानांत त्याचे एकही वाक्य नाही. पण मत्तयने सांगितलेल्या स्वप्नांनंतर काय घडते ते पाहा. योसेफ झोपतो, स्वप्नात त्याला सांगितले जाते आणि तो उठून तसे करतो. मरियेला घरी आणतो, रातोरात इजिप्तची वाट धरतो, परत येतो. २०२० साली संत योसेफावर लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात पोप फ्रान्सिस यांनीही शिकवले की, मूल झाल्याने कोणी आपोआप बाप होत नाही, मुलाची जबाबदारी उचलल्याने होतो. आपल्याला झोप लागणारच. जाग आल्यावर उठायचे आणि मागे फिरून शोधायचे, हे योसेफाने दाखवून दिले आहे.

७. आपण कोणाला हसतो?

एक शेवटची गोष्ट, या पत्रिकेच्या वाचकांसाठी. पाड्यावरच्या बापाविषयी आपण आपसात कसे बोलतो? मीसुद्धा मेळाव्यांत 'दारू पिऊन पडलेला बाप' असा विनोद केला आहे. वह्या त्यानेही मिळतात. दारूचा प्रश्न खरा आहे, उचलीचा प्रश्न खरा आहे, आणि त्यासाठी आपली मदत हवीच आहे. पण जो बाप भट्टीवर जाण्याआधी आठ दिवस विचार करून मुलीला शाळेसाठी मागे ठेवतो आणि रात्री तिच्याकडून नाव गिरवून घेतो, त्याला हसून आपण मदत गोळा करू नये. त्याच्याबरोबर हसावे. त्यासाठी त्याच्या घरी जाऊन बसावे लागते.

त्याची हकिगत मी त्याला विचारून इथे सांगितली आहे. नाव घालू का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "नको. छापून आलं तर पोरगी चुका काढेल."

हा लेखही छापायला देण्यापूर्वी मी मोठ्या मुलाला वाचायला दिला. त्याने दोन वाक्ये खोडली, ती इथे नाहीत. आणि एक अट घातली: रोझरीत मी हप्त्यांची नावे वाचली, ते गाळायचे नाही.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरातील कोण 'सोबतच असेल' असे आपण धरून चाललो आहोत? त्याला शेवटचे काय विचारले होते?
२. मुलाच्या एखाद्या चुकीची गोष्ट आपण चारचौघांत सांगितली आहे का? त्याला विचारून सांगितली होती का?
३. आपल्या मुलांना आपल्याला हसायची मुभा आहे का? कौटुंबिक प्रार्थनेतील एक रहस्य किंवा एक वाचन मुलांकडे सोपवता येईल का?
४. गरीब माणसाविषयी केलेला कोणता विनोद आपण यापुढे करणार नाही?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू अब्राहामाला हसू दिलेस आणि त्याच्या मुलाला हसण्याचे नाव दिलेस. आमच्या घरातही ते हसू येऊ दे. ज्या शब्दांनी आमची लेकरे दुखावली त्यांची आम्हाला क्षमा कर आणि त्यांच्याकडे क्षमा मागण्याचे धैर्य दे. वीटभट्टीवर राबणाऱ्या प्रत्येक बापाला त्याच्या घामाचा पुरा मोबदला मिळू दे आणि मागे राहिलेल्या त्याच्या लेकरांचे रक्षण कर. आम्ही पेंगलो तर आम्हाला जागे कर, आणि संत योसेफाप्रमाणे उठून चालायला लाव. हे आम्ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.